प्रवाळ-जलजीवालयातील पाणी-गाळण्या

सजीव प्रवाळ, समुद्रपुष्पे, शंख-शिंपल्यांतील प्राणी व लहान सागरी मासे ज्या टाकीत एकत्र पाळतात, तिला प्रवाळ-जलजीवालय म्हणतात [⟶ जलजीवालय, प्रवाळ]. घरगुती जलजीवालयासाठी बहुधा समुद्राचे पाणी वापरीत नाहीत. शुद्ध गोड्या पाण्यात तयार लवणमिश्रण विरघळवून दर किग्रॅ. मध्ये सु. ३५ ग्रॅ. लवणे असलेले कृत्रिम समुद्रजल बनवितात. हे गोडे पाणी शुद्ध करणाऱ्या संचात गाळ-गाळणी, सक्रियित कार्बन, उलट तर्षण पटल व आयन-विनिमय रेझीन असे चार घटक क्रमाने जोडलेले असतात. ते झिजणारे असल्याने वेळोवेळी बदलावे लागतात. त्यांची निवड व बदलण्याची वेळ यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

शुद्धतेची आवश्यकता : टाकीतील पाण्याची वाफ होते, पण लवणे मागे राहतात. लवणता कायम राखण्यासाठी त्यामुळे रोज गोडे पाणी घालावे लागते. ३०० लि. च्या टाकीतून रोज ३ लि. पाणी उडून जात असेल, तर वर्षभरात सु. १,१०० लि. नवे पाणी टाकीत जाते आणि त्यातील न उडणारे पदार्थ तेथेच साठत जातात. दर लिटरला ०·०२ मिग्रॅ. तांबे असलेले पाणी माणसास पिण्यास सुरक्षित असते. तथापि तेच पाणी वर्षभर घातल्यास या टाकीत सु. २२ मिग्रॅ. तांबे येते, म्हणजे दर लिटरमागे सु. ०·०७ मिग्रॅ. भर पडते. त्यातील काही भाग खडकांवर व वाळूवर धरला जातो आणि काही पाणी बदलताना निघून जातो. तरीही प्रवाळ व अन्य अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेल्या) प्राण्यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही विषारी असल्याने ही वाढ धोक्याची ठरते. फॉस्फेट व नायट्रेट यांमुळे शैवले माजतात. शिवाय फॉस्फेटामुळे प्रवाळाच्या कॅल्शियम कार्बोनेटी सांगाड्याच्या वाढीत अडथळा येतो. सिलिकेमुळे डायाटम गटातील तपकिरी शैवले वाढतात. फांद्यांची प्रवाळ-वसाहत वाढण्यास कित्येक वर्षे लागतात. दूषित पाण्याने ती थोड्या दिवसांत नष्ट होऊ शकते.

गाळ-गाळणी : पॉलिप्रोपिलिनाच्या तंतूंची, बाजारात ‘स्पन’ या नावाने मिळणारी ही गाळणी माती, गंज व रेती अडविते. तिची छिद्रे ५ किंवा १ मायक्रॉनची (१ मायक्रॉन = मीटरचा दशलक्षांश भाग) असतात. तिची छिद्रे पुढील कार्बन-ठोकळ्याच्या छिद्रांएवढी किंवा त्यांहून बारीक असावीत. अन्यथा बारीक गाळ पुढे जाऊन महागडा कार्बन अकालीच बुजतो. पाणी फार गढूळ असल्यास प्रथम ५ व नंतर १ मायक्रॉनची अशा दोन गाळण्या लावणे सोयीचे असते. गाळणी तुंबली की तिच्या पुढील दाब उतरतो व हेच ती बदलण्याचे लक्षण होय.

सक्रियित कार्बन : क्लोरीन व कार्बनी पदार्थ काढून टाकणे हे याचे कार्य. दाबून केलेल्या ठोकळ्यातून पाणी समान रीतीने झिरपते. सुट्या दाण्यांतून ते वाट काढून निसटू शकते, म्हणून ठोकळा अधिक पसंत करतात. कार्बन निकामी झाला, तरी पाण्याच्या चवीवरून किंवा विद्युत् संवाहकतेवरून ते कळत नाही. त्यासाठी पटलाच्या टाकाऊ पाण्यातील क्लोरीन तपासावा. तो आढळल्यास कार्बन तत्काळ बदलावा. अमेरिकेतील अनेक शहरांत पाण्यात क्लोरिनाऐवजी क्लोरामाइन वापरतात. साधा कार्बन त्याचे विघटन फार सावकाश करतो. तेथे उत्प्रेरकी कार्बन घ्यावा लागतो. या विघटनातून निघणारा अमोनिया अखेरच्या रेझिनात अडविला जातो.

उलट तर्षण पटल : ‘आरओ मेंब्रेन’ या नावाने परिचित असलेल्या या पटलातून दाबाखाली पाणी पलीकडे जाते, विरघळलेली बहुतेक लवणे मागे राहतात [⟶ तर्षण]. सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटाचे पहिले व्यवहार्य पटल बनविले. पुढे १९७० नंतरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडाचा अतिशय पातळ थर असलेले संयुक्त पटल विकसित केले. आजची घरगुती पटले याच प्रकारची आहेत. ती लवणे अधिक चांगली अडवितात, पण क्लोरिनाने खराब होतात. त्यामुळे कार्बन बदलण्यात केलेली काटकसर पटलाच्या किमतीने फेडावी लागते.

पटलाची क्षमता २५° से. तापमान व सु. ३·५ ते ४ बार दाब यांस धरून सांगितलेली असते. थंड पाण्यात किंवा कमी दाबाखाली ती घटते. इमारतीवरील टाकीच्या १० मी. उंचीमुळे जेमतेम १ बार दाब मिळतो, म्हणून दाब वाढविणारा पंप बसवितात. पटल बदलून वेगळ्या क्षमतेचे घेतल्यास टाकाऊ पाण्याचा प्रवाहरोधकही त्याला जुळणारा घ्यावा. एक भाग शुद्ध पाण्यामागे सु. तीन ते चार भाग पाणी वाया जाते. ते वाचविण्यासाठी रोधक फार आवळल्यास पटलावर लवणांचे कीटण जमते. त्यापेक्षा ते पाणी धुण्याभांड्यांस वापरणे योग्य.

आयन-विनिमय रेझीन : पटलातून निसटलेले आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) हे रेझीन धरून ठेवते व त्यांच्या बदली हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयन सोडते, त्यांचे पाणी बनते. रेझिनाचे आयुष्य पटलावर अवलंबून असते. मूळ पाण्यात दर लिटरला ३०० मिग्रॅ. विरघळलेले पदार्थ असतील, तर ९८% लवणे अडविणाऱ्या पटलातून ६ मिग्रॅ., तर ९४% अडविणाऱ्या पटलातून १८ मिग्रॅ. पुढे जातात. म्हणजेच रेझीन तिप्पट वेगाने संपते. पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू पटलातून सहज पार होतो व रेझिनाचा ऋणायन धरणारा भाग लवकर संपवितो. असे पाणी असल्यास दोन्ही प्रकारची रेझिने वेगळ्या नळकांड्यांत ठेवून शेवटी मिश्र रेझीन ठेवणे परवडते.

संपत आलेले रेझीन सैलपणे धरलेले आयन आधी सोडून देते. त्यांत सिलिका असते आणि तिचे आयनीभवन फारच कमी असल्यामुळे संवाहकतामापक शून्याजवळचे माप दाखवीत असतानाही ती पाण्यात उतरू शकते. रंग बदलणारे रेझीन घेऊन रंग पूर्ण पालटण्यापूर्वीच ते बदलावे.

मापन व नोंद : ठराविक महिन्यांनी सर्व घटक बदलण्याची प्रथा सोयीची असली, तरी ती पाण्याच्या गुणधर्माकडे दुर्लक्ष करते. दाबमापक, क्लोरीन-चाचणी आणि मूळ, पटलोत्तर व अंतिम पाण्याचे संवाहकतामापन या तीन साधनांनी प्रत्येक घटकाची स्थिती स्वतंत्रपणे समजते. संच बंद राहिल्यानंतर पहिली काही मिनिटे पटलातून अधिक लवणे येतात. ते पाणी रेझिनात न सोडता टाकून द्यावे.

भारतातील परिस्थिती : मुंबईस तलावांतून मिळणारे पाणी तुलनेने मृदू असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन (साबणाचा फेस सहज न होणारे) असून त्यात सिलिकाही असते. तेथे पटल व रेझीन लवकर बदलावे लागतात. पिण्याच्या पाण्याचे अनेक घरगुती संच पटलानंतर खनिजे, तर काही तांबे पाण्यात मिसळतात. असे पाणी जलजीवालयास सर्वस्वी वर्ज्य होय. ते पटलातून बाहेर पडताच वेगळे काढून रेझिनातून न्यावे.

खडक बनविणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. भारतीय समुद्रातून ते गोळा करणे गुन्हा आहे. निष्काळजीपणामुळे मेलेल्या वसाहतीची भरपाई निसर्गातून करता येत नाही, हे संचाची निगा राखताना ध्यानात ठेवणे आवश्यक असते.