सिकलसेल आणि आपले कुटुंबजीवन

'सिकलसेल' हे नाव पूर्व विदर्भाला किंवा नंदुरबारकडील सातपुड्याच्या वस्त्यांना आता परके राहिलेले नाही. परंतु नाव ऐकलेले असणे वेगळे आणि आजार समजणे वेगळे. न समजल्यामुळे घराघरांत जे दुःख उत्पन्न होते, ते टाळणे आपल्या हातचे आहे. म्हणून त्याचाच येथे प्रामुख्याने विचार करू.

आपल्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचिक असतात. अतिशय बारीक वाहिन्यांतूनही त्या दबत, वाकत पार होतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. या आजारात त्या द्रव्याच्या घडणीत एकच सूक्ष्म फरक असतो. तो नेमका कोणता, हे इन्ग्रम या शास्त्रज्ञाने १९५७ साली दाखवून दिले. प्राणवायू कमी पडला की या फरकामुळे पेशी ताठ होते व विळ्यासारखी वाकते. अमेरिकेतील डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात त्या १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळल्या.

ताठ पेशी वाहिनीत अडकतात, पुढील भागास रक्त मिळत नाही आणि हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात.

आता घराकडे वळू. ही वेदना बाहेरून दिसत नाही. काल अंगणात खेळलेले मूल आज शाळेला नको म्हणते, तेव्हा वडीलधारी माणसे त्याला आळशी ठरवितात. दवाखान्यात सोबत बसणाऱ्याची मजुरी बुडते आणि धडधाकट भावंडांकडे कुणाचे लक्ष राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, 'आमच्या घराण्यात असले काही नव्हते, हे सुनेच्या माहेरचे' असे बोल त्या आईला ऐकावे लागतात.

या बोलण्यात तथ्य नाही. प्रत्येकास हिमोग्लोबिनचा एक गुण आईकडून व एक बापाकडून मिळतो. दोन्ही गुण सदोष असतील तर आजार होतो. एकच असेल तर तो मनुष्य केवळ वाहक होय. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो व तो पुढे रुग्ण होत नाही. मुलास सिकलसेलचे दोन्ही गुण मिळाले, याचा अर्थच असा की एक बापाकडून आला आहे. मग एकट्या आईला बोल कशासाठी?

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. पुष्कळांना वाटते की एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नव्हे. नाणे दर वेळी नव्याने उडविले जाते. मागचा कौल ते लक्षात ठेवीत नाही. उलट, एकच जोडीदार वाहक असून दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर मुलास हा आजार होत नाही. मात्र दुसरा थॅलेसेमियाचा वाहक नाही, हेही तपासून घ्यावे.

हा गुण म्हणजे कुळाचा कलंकही नव्हे. वाहकांना हिवतापाच्या घातक स्वरूपापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. जेथे हिवताप फार, तेथे हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो या कारणाने.

रुग्णाची निगा घरात होण्यासारखी आहे. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, बेताचे श्रम, वेळेवर लसी आणि डॉक्टरांनी दिलेली फॉलिक आम्लाची गोळी, ही तिची पथ्ये. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित, रक्ततपासणी करीत घेतल्यास कळांचे प्रसंग कमी होतात. कळ थांबली म्हणून ते आपल्या मनाने सोडू नये. ताप, धाप, छातीत दुखणे, पोटात डावीकडे अचानक फुगवटा किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसताच रात्र असली तरी दवाखाना गाठावा. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुकोपचारास मान्यता मिळाली; परंतु त्याचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. तपासणी मात्र आवाक्यात आहे.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प केला. आपल्याकडे लग्नापूर्वी पत्रिका पाहतात; तशीच रक्ताची ही तपासणी मुलगा व मुलगी दोघांनीही करावी. दोघे वाहक निघाले म्हणून लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गर्भ राहिल्यावर लवकर निदान करून घेण्याची सोय आहे, पुढचा निर्णय त्या दोघांचा. परंतु हे सारे आधी ठाऊक असले पाहिजे. आपल्या ओळखीच्या ज्या घरात हा आजार असेल, त्या घरी 'यात सुनेचा एकटीचा वाटा नाही' एवढे आपण जाऊन सांगितले, तर त्या माउलीवरचा एक भार आजच उतरेल.