पेल्यावरचा सांधा

फिनलंडच्या काचेचा विषय निघाला की गाडी आल्वार आल्टो यांच्या नागमोडी कडांच्या फुलदाणीपाशी थांबते. १९३६ च्या स्पर्धेतून ती पुढे आली आणि हेलसिंकीच्या एका उपाहारगृहामुळे ‘साव्हॉय’ या नावाने जगभर पोचली. मला मात्र तिच्याआधी चार वर्षांचा एक साधा पेला अधिक मोलाचा वाटतो.

तो आल्वार यांच्या पत्नी आयनो आल्टो यांनी १९३२ मध्ये रेखाटला. हा पेला फुंकलेला नव्हे, साच्यात दाबून केलेला. दाबलेल्या काचेची अडचण अशी, की साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे शिवणीसारखी रेघ उठते. अशी स्वस्त काच बहुधा महागड्या कोरीव काचेची नक्षी उसनी घेई. आयनो यांनी ती पुसून टाकली. पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी वलये तेवढी ठेवली. १९३६ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात या काचेला सुवर्णपदक मिळाले. नूतायार्वीच्या कारखान्यात ओइवा तोइक्का यांनी १९६४ साली सांध्यावर वेगळा तोडगा काढला. त्यांच्या ‘कास्तेहेल्मी’वर (शब्दाचा अर्थ दवबिंदू) काचेच्या थेंबांच्या रांगा आहेत. सांधा त्यांतच हरवतो.

तिमो सार्पानेवा यांची वाट उलटी. ‘फिनलांडिया’ मालिकेसाठी त्यांनी लाकडी साचे वापरले. तप्त काचेने लाकूड जळे आणि त्याचा खडबडीतपणा काचेवर सालीसारखा उमटे. तापिओ विरकाला यांनी ‘उल्तिमा थुले’मध्ये लापलंडचे वितळते बर्फ पेल्यावर आणले. दोघेही देशाचे नायक झाले. त्यांची नावे काचेइतकीच विकली गेली.

काय फ्रांक यांना हेच खटकत होते. १९५० पासून नूतायार्वीची कलाविषयक सूत्रे सांभाळणारे फ्रांक १९६० च्या दशकात उघडपणे सांगू लागले, की रोजच्या वापराच्या वस्तू रचनाकाराच्या नावावर विकू नयेत. एक पेला अनेक हातांतून घडतो. त्यात साचा करणारा आहे, भट्टीपाशी उभा राहणारा आहे. १९५८ चा त्यांचा ‘कार्तिओ’, म्हणजे शंकू, अलंकाराशिवायचा आहे: आकार आणि रंग, एवढेच. माझ्या मते या सगळ्या काचेतली सर्वांत धीट वस्तू हीच.

नूतायार्वीतले उत्पादन २०१४ साली थांबले. ‘कार्तिओ’ अजून बाजारात मिळतो, काय फ्रांक यांच्या नावानिशी.