गाडी उंच केली, मग धक्के का वाढले?

वसंतातील व्याख्यानांत श्रोत्यांनी आजवर संतवाङ्मय ऐकले, सहकार ऐकला, अणुशक्तीही ऐकली. यंदा पिकअप गाडीच्या कमानपाट्यांवर बोलायचे ठरले तेव्हा हा विषय व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका काहींनी बोलून दाखवली. आम्हांस तशी शंका नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शेतातला माल बाजाराला नेणारे आणि अडीअडचणीला डोंगरवाडीतला रुग्ण खाली दवाखान्यात आणणारे वाहन पुष्कळदा एकच असते. त्याचे धक्के हा केवळ चालकाच्या कमरेचा प्रश्न राहत नाही.

तक्रार साधारण अशी असते. पिकअप घेतली, वर्षा-दोन वर्षांत बोजाने मागच्या कमानी बसल्या, शिवाय पावसाळ्यात पाणंदीतून जाताना दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा खालून घासू लागला. मालकाने गाडी गॅरेजला लावली, कमानीत दोन जाड पाटे वाढवून घेतले, शॅकल लांब बसवली, टायरही जादा बोजाचे घातले. गाडी चार बोटे उंच झाली, रुबाबदार दिसू लागली. पण कराडहून रिकामी पाटणकडे निघाली की खड्ड्याखड्ड्याला चालकाचे डोके टपाला लागते. मालक गॅरेजवाल्याकडे परत जातो. तो सांगतो, पाटे नवे आहेत, बसायला थोडा वेळ द्या. मालक सहा महिने थांबतो. पाटे बसत नाहीत. मालकाची कंबर मात्र बसते.

येथे मुळातच दोन गोष्टींची गल्लत झालेली असते, आणि आमचे सारे सांगणे त्या गल्लतीपुरतेच आहे. गाडीची उंची ही एक गोष्ट आणि कमानीचा ताठपणा ही दुसरी. आपल्याकडे उंची हवी असली की ताठपणा वाढवतात, कारण तो मार्ग सोपा आणि ओळखीचा आहे.

कमान दोन कामे करते. ती बोजा उचलून धरते आणि चाक वर उसळले की वाकून वाट देते. पहिले काम कठोरपणाचे, दुसरे नरमाईचे. इंग्लंडात ओबाडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीच्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले, तेव्हापासून कारागिरांची सारी खटपट या दोन कामांचा मेळ घालण्याची आहे. ज्यांनी जुन्या टांग्यातून प्रवास केला आहे त्यांना हा मेळ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. टांग्यात पाठीमागे एकच हलका उतारू बसला की टांगा उडे, आणि चौघे बसले की तोच टांगा पालखीसारखा चाले. कमान तीच, रस्ता तोच. बोजा तेवढा बदललेला.

आता थोडे गणित. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सात पाट्यांच्या कमानीत तशाच जाडीचे दोन पाटे घातले, तर कमान साधारण सव्वापट ताठ होते. परंतु आठ मिलिमीटर जाडीचा पाटा काढून तेथे दहा मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. 'दोनच मिलिमीटर जाड आहे' असे दुकानदार सांगतो ते खरेच असते. त्या दोन मिलिमीटरचा घन कोणी करून पाहत नाही, इतकेच.

गाडी किती कडक झाली हे मोजायला यंत्र लागत नाही, एक फूटपट्टी पुरते. गाडी सपाट जागी उभी करून मागचा ॲक्सल आणि चासी यांमधले अंतर मोजावे. मग शॉकॲब्सॉर्बर सोडून, चासीला जॅक लावून, चाक जमिनीवरून नुकते सुटेपर्यंत ती उचलावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. (चासीखाली भक्कम ठोकळे दिल्यावाचून कोणी खाली शिरू नये, जॅकवर भरवसा ठेवून गेलेले जीव थोडे नाहीत.) दोन मापांतला फरक म्हणजे त्या बोजाखाली कमान किती दबली ते. पंचवीस सेंटिमीटर दबली असेल तर गाडी सेकंदाला सुमारे एक हेलकावा खाईल. सहा सेंटिमीटर असेल तर दोन, आणि पावणेतीन सेंटिमीटर असेल तर तीन. सेकंदाला एक ते दीड हेलकावा माणसाला सुखाचा वाटतो, कारण आपल्या चालण्याची लयही त्याच्या आसपासची आहे. चार ते आठ या टप्प्यात बसलेल्या माणसाचे धड सर्वांत जास्त हादरते. रिकामी गाडी दोन-अडीच सेंटिमीटरच दबत असेल, तर ती या टप्प्याच्या उंबरठ्याशी आली असे समजावे. तिच्यात बिघाड काही नाही. ती फक्त जो बोजा क्वचित येतो त्याच्यासाठी तयार केली गेली आहे.

तथापि माप हाती आले की लगेच पाटे काढायला धावू नये. 'गाडी आदळते' या एका वाक्यात आपल्याकडे तीन निराळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. लहानसहान खडीवरही सतत खडखड जाणवते, ती एक. मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका बसतो, ती दुसरी. आणि गुळगुळीत हमरस्त्यावरही ठराविक वेगाला गाडी थरथरते, ती तिसरी. प्रत्येकीचे मूळ वेगळे आहे.

खडखडीसाठी प्रथम टायरची हवा पाहावी. जादा बोजाच्या टायरच्या भिंती मुळातच कडक असतात. त्यात भरलेल्या गाडीसाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीत तशीच ठेवली, तर टायर दगडासारखा होतो. कंपनीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी निरनिराळे आकडे दिलेले असतील, तर ते पाळून पाहण्यास एक पैसा पडत नाही. हजारो रुपयांचे सामान बदलल्यावर हवेचा दोष ध्यानात येणे, याइतके चिडवणारे दुसरे काही नाही.

हवेनंतर पाट्यांमधले घर्षण. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान वाकते. जुन्या कमानीत नवा पाटा घालताना दोघांचा बाक जुळला नाही, किंवा नव्या पाट्याची टोके कापून तशीच धारदार ठेवली, तर ती खालच्या-वरच्या पाट्यात रुततात. त्यात माण-खटावची धूळ आणि कृष्णाकाठची चिकण माती साचली की बारीक खडीला कमान हलतच नाही. सारा हादरा सरळ चासीत जातो. कमान उतरवून, पाटे घासून, टोके गोल करून, मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस देऊन पुन्हा बांधली की बराच फरक पडतो. पाटे कवटाळून धरणाऱ्या क्लिपा गच्च आवळलेल्या नाहीत, हेही पाहावे.

कमानीच्या डोळ्यातला रबरी बुश ही अगदी क्षुल्लक वाटणारी आणि सर्रास चुकणारी जागा आहे. गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. ते कमानीला अकारण ताठ करते आणि लवकर फाटते. बोल्ट सैल ठेवून गाडी चारही चाकांवर उभी करावी, थोडी हलवावी आणि मगच आवळावे. दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी तक्रार ठोक्याची. तिचे मूळ बहुधा शॉकॲब्सॉर्बरमध्ये सापडते. शब्दकोशकार त्याला 'धक्काशोषक' म्हणतात. आम्हांस ते नाव फसवे वाटते. धक्का कमान झेलते. हे नळकांडे झेललेला धक्का पुन्हापुन्हा उसळू नये एवढेच पाहते. गाडी चार बोटे उंच केली आणि नळकांडे जुनेच ठेवले, तर ते उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेले असते. चाक खड्ड्यात उतरले की त्याला आणखी लांबायला जागा नसते, आणि तेथे ठोका बसतो. उलट, गरजेपेक्षा लांब नळकांडे बसवले तर ते पूर्ण दबून आपटते. दांडी उघडी असेल तेथे तिला दोरा सैलसर गुंडाळून दहा-वीस किलोमीटर जाऊन यावे. दोरा कोठे सरकला यावरून हालचाल कोठवर गेली ते कळते. शॅकलही पाहावी. कमान दबली की लांब होते आणि ती लांबी शॅकल पोटात घेते. लांब शॅकल चासीला टेकत असेल किंवा उलट्या बाजूला कलली असेल, तर कमानीची वाटच बंद झाली.

थरथर मात्र कमानीची नसते. चासी उंच झाली की जॉइंट शाफ्टचा कोन बदलतो, आणि त्याचे क्रॉस वेगाबरोबर थरथरू लागतात. येथे पाटे काढून काही होणार नाही. कोन जुळवावा लागतो.

एवढे सारे पाहून खडखड उरली, तर ताठपणाच जास्त आहे हे निश्चित. मग जाड पाटे काढावेत आणि मूळ जाडीचेच पाटे योग्य बाक देऊन बसवावेत. ताठपणा न वाढता उंची येते ती अशी. मागच्या ॲक्सलवर ठोकळा ठेवूनही उंची मिळते. पुढच्या ॲक्सलखाली मात्र ठोकळा कधीही देऊ नये, कारण ब्रेक आणि सुकाणू यांचा सारा पीळ तेथे येतो.

आणि पाणंदीतल्या उंचवट्याचे काय? येथे मालकाची खरी निराशा आहे. कमान उंच केल्याने चासी वर जाते. ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियल जेथे होता तेथेच राहतो, कारण तो चाकांना बांधलेला आहे. उंचवट्याला प्रथम घासतो तो डिफरन्शियलच. त्याला वर न्यायचे तर चाकाचा व्यासच वाढायला हवा. ज्या कारणासाठी पैसे घातले ते कारण जागेवरच, आणि धक्के तेवढे पदरात पडले.

हे धक्के कोणाला सोसावे लागतात, तेही पाहू. उसाला त्यांचे सोयरसुतक नाही, हळदीलाही नाही. पण तासगावच्या द्राक्षाला आहे. क्रेटमध्ये घड हादरत राहिला की मणी देठापासून सुटतात, आणि सुटलेल्या मण्यांचा भाव घडाच्या भावात येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणी घाटाने वाईला उतरते, ती तर द्राक्षाहून नाजूक. ही फळे हलकी आहेत. वीट-खडीसाठी ताठ केलेल्या गाडीला असा बोजा म्हणजे जवळजवळ रिकामीच. बागाईतदाराने वर्षभर औषधे मारून, विरळणी करून सांभाळलेला माल शेवटच्या काही मैलांत दोन मिलिमीटरच्या हिशेबाने मातीमोल होऊ शकतो. त्याच हौद्यात कधी बाळंतीण आणावी लागते, हे जावळी-पाटणच्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको.

कायद्याचेही एक कलम येथे आडवे येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो अर्थ पक्का केला. जादा पाट्यांनी गाडीची बोजा वाहण्याची मान्य क्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक जुनेच असतात.

ब्रेकचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो गॅरेजात सहसा निघत नाही. पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर बोजाप्रमाणे कमीअधिक करणारी एक झडप असते. तिचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो: चासी खाली दबली की झडप समजते गाडी भरलेली आहे, वर राहिली की समजते रिकामी आहे. गाडी उंच केली आणि दांडा तसाच ठेवला, तर भरलेली गाडीही झडपेला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. कुंभार्ली घाट उतरताना सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो आणि ते तापतात. दांडा नव्या उंचीला जुळवण्याची सोय असेल तेथे, गाडी उंच केली त्याच दिवशी, कंपनीच्या पुस्तकातील मापाने तो जुळवून घ्यावा, आणि मग मोकळ्या रस्त्यावर गाडी आधी रिकामी आणि नंतर भरलेली अशी दोनदा थांबवून पाहावी.