लिलावातील मोटार

सरकारी कार्यालयांच्या जुन्या मोटारींची बोली आता बहुधा संगणकावर लागते. तरी पाहणीच्या दिवशी आवारात भंगारवाल्यांच्या जोडीने पांढरपेशेही दिसतात. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम घेऊन आलेला शिक्षक तेथे नेमके काय विकत घेतो? 'जसे आहे, जेथे आहे' या एका अटीने विक्रेता गाडीच्या दोषांतून मोकळा होऊ पाहतो. टायरला लाथ मारून परीक्षा करणारे महाभाग मात्र पुष्कळ!

कायदा ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. पूर्वसूचना न देता विक्रेत्याने आपलाच माणूस बोली चढविण्यास उभा केला, तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. पण त्याचा पुरावा सामान्य माणसाने आणावा कोठून?

खरी परीक्षा पुढेच असते. सरकारी लिलावातील वाहनाचा ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरून, विक्री कायम झाल्याच्या आदेशासह, परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्यातच, १५ वर्षे पुरी झालेल्या सरकारी मोटारींच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. त्यांची वाट मोडीत काढणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच जाते. तेव्हा नोंदणीची तारीख, थकलेला कर आणि दंड यांचा तपशील लिलावाच्या जाहिरातीतच छापण्याची सक्ती सरकारने आपल्या कार्यालयांवर करावी.