मोठा दट्ट्या, मोठी गाडी?

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर अधूनमधून एक जुनी बुलेट येऊन उभी राहते. तिची धडधड ऐकू आली की वर्गातील अर्धी डोकी खिडकीकडे वळतात. गेल्या पावसाळ्यात त्याच गाडीच्या मालकाच्या मुलाने आम्हांस विचारले, “सर, आमची बुलेट साडेतीनशेची. चोर्ला घाटात दोघे बसलो की दमते. मेस्त्री म्हणतो, पाचशेचा सिलिंडर आणि पिस्टन चढवला की झाले. चढवावा का?” आम्ही पडलो कलाशाखेचे, परंतु प्रश्न मनातून जाईना. मग मेस्त्र्यांजवळ बसून, गणिताच्या शिक्षकांशी ताळा जुळवून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम ‘साडेतीनशे’ म्हणजे काय, ते पाहू. सिलिंडर ही एक गोल नळी. तिच्यात पिस्टन, म्हणजेच दट्ट्या, खालीवर धावतो. एका धावेत तो जेवढी जागा मोकळी करतो, तेवढी इंजिनाची क्षमता. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार केला असता ३४६ घन सेंटीमीटर येतात. बोलण्यात त्याचेच ‘साडेतीनशे’ झाले. पाचशेच्या बुलेटची धावही ९० मिलिमीटरच, मात्र व्यास ८४ मिलिमीटर. व्यास अवघ्या पाचव्या हिश्शाने वाढला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने क्षमता १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४ पट होते. ३४६ चे ४९९ झाले ते असे.

धाव दोहोंची सारखीच, हेच या मोहाचे मूळ. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली मद्रास येथे तिची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याच ठेवणीचे ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन येथे बनत राहिले. म्हणून तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि दोन इंजिने शेजारी ठेवली तर सख्ख्या भावांसारखी दिसतात. परंतु धाकट्याचा सदरा थोरल्याला बसत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे.

पहिली अडचण बैठकीची. सिलिंडरचा खालचा काठ क्रँककेसच्या तोंडात उतरतो. पाचशेचा सिलिंडर रुंद. तेव्हा साडेतीनशेच्या क्रँककेसचे तोंड लेथवर मोठे करावे लागते. एकदा कापलेला धातू परत येत नाही. पुढे मन बदलले, तरी जुना सिलिंडर तेथे पूर्वीसारखा बसणार नाही.

दुसरी अडचण दाबाची. दट्ट्या वर आला की पेट्रोलमिश्रित हवा सिलिंडरच्या डोक्यातील लहानशा पोकळीत दाबली जाते. समजा, ३४६ घन सेंटीमीटरच्या इंजिनात ही पोकळी ६३ घन सेंटीमीटरची आहे. मूळ आकारमान ३४६ अधिक ६३, म्हणजे ४०९; ते ६३ मध्ये मावते, म्हणजे साडेसहास एक हे प्रमाण झाले. आता डोके तेच ठेवून सिलिंडर ४९९ चा बसविला, तर ५६२ चे ६३ होतील. प्रमाण जवळजवळ नवास एक! मिश्रण इतके दाबले गेले की त्यातील काही भाग वेळेआधी आपोआप पेट घेतो. चढावर इंजिनातून जो ‘खट्‌खट्‌’ आवाज येतो व ज्यास मेस्त्री नॉकिंग म्हणतात, तो हाच. तो चालू राहिला तर दट्ट्याच्या माथ्याला भोक पडू शकते. म्हणून डोकेही पाचशेचेच हवे. त्याची पोकळी व झडपा त्या मापाच्या असतात.

तिसरी अडचण वजनाची, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर. दट्ट्या दर फेऱ्यात दोनदा थांबतो व उलट दिशेने धाव घेतो. मिनिटाला ५००० फेरे होत असता, धावेच्या टोकाशी त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या बाराशे पटींहून अधिक असतो. म्हणजे नवा दट्ट्या केवळ १०० ग्रॅमने जड असला, तरी त्या क्षणी दांड्याला व बेअरिंगला सव्वाशे किलोंचा जादा ओढा सोसावा लागतो. क्रँकच्या जड चाकांचा तोल मूळ दट्ट्याच्या वजनावरून साधलेला असतो. दट्ट्या बदलला आणि तोल तसाच राहिला, तर हँडल थरथरते, बोल्ट सैल होतात, बेअरिंगे लवकर झिजतात. शिवाय जळत्या वायूचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ३० किलो धरला, तर ७० मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे ११५५ किलोंचा भार येतो, ८४ च्या दट्ट्यावर १६६२ किलोंचा. दांडा मात्र जुनाच!

चौथी गोष्ट फटीची. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडी; तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगते. १०० अंश उष्णता वाढली की ८४ मिलिमीटरच्या दोन धातूंत सुमारे एक दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. ही केसाएवढी फट राखली नाही, तर दट्ट्या भर रस्त्यात जाम होतो, मागचे चाक एकाएकी अडते आणि स्वार फेकला जातो. येथे चूक मापातली असते, शिक्षा मात्र माणसाला होते.

एवढे केल्यावरही श्वास उरतोच. भारतीय साडेतीनशेचा कार्ब्युरेटर २४ मिलिमीटरचा, पाचशेचा २८ चा. छाती मोठी केली आणि नाकपुड्या लहानच ठेवल्या, तर दम कसा वाढेल? आणि वाढलेला वेग आवरायचा कोणी? ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक असते. ती सारी ब्रेकला जिरवावी लागते.

आता लाभ पाहा. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे साडेतीनशेची शक्ती १८ अश्वशक्ती, पाचशेची २२. क्षमता शेकडा ४४ ने वाढली, पण शक्ती शेकडा २२ नेच. आणि तीही सर्व भाग एकमेकांना शोभतील असे असताना.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही. इंजिनाची क्षमता हा त्या तपशिलातीलच एक रकाना. दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्याच्या दरांतही ३५० घन सेंटीमीटर ही एक सीमारेषा आहे. ३४६ ची गाडी ४९९ ची झाली की ती रेषा ओलांडली जाते. उद्या अपघात घडला, तर कागदावरची गाडी एक व रस्त्यावरची दुसरी, हे सांगताना बापाची काय अवस्था होईल, याचा विचार मुलानेच करावा.

हा बदल अशक्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. कुशल कारागीर पाचशेच्या इंजिनात ८७ मिलिमीटरचा दट्ट्या घालून ते ५३५ चेही करतात. परंतु ते एक भाग बदलीत नाहीत. सिलिंडर, डोके, क्रँकचा तोल, कार्ब्युरेटर, ब्रेक यांचा हिशेब एकत्र मांडतात.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले, “आधी गाडी मूळची जेवढी आहे, तेवढी तरी आहे का ते पाहा.” मेस्त्र्याने इंजिन उघडले. कड्या झिजलेल्या, झडपा नीट न बसणाऱ्या. सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने रिबोर करून त्याच मापाचा नवा दट्ट्या घातला; क्षमता वाढली ती जेमतेम पाच घन सेंटीमीटर, आणि हा बदल नव्हे, दुरुस्ती होय. साखळीच्या पुढच्या दातेरी चक्राचा एक दात कमी केला. सपाट रस्त्यावर वेग थोडा उतरला, पण चढावर ओढ वाढली. दिवाळीच्या सुट्टीत बापलेक चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन आले.

विद्यार्थी मित्रहो, यंत्र हे एकत्र कुटुंबासारखे असते. एकाची मिळकत वाढली म्हणजे घर सुखी होतेच असे नाही. सर्वांचे खांदे ते ओझे पेलतील काय, हे आधी पाहावे लागते. हातात पाना घेण्यापूर्वी हातात पेन्सिल घ्या, एवढेच आमचे सांगणे.