उघडी मालमोटार आणि नवा चालक

व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, शेती येते, आरोग्य येते. मालमोटारीवर बोलायला कोणी उभा राहिला की थोडी चुळबूळ होते. पण आपल्या रिसोडचा संसार कशावर चालतो ते पाहा. गावाला रेल्वेचे स्थानक नाही. सोयाबीन, तूर, हळद बाहेर जाते ती मालमोटारीने आणि घराला लागणारी सळई, सिमेंट, पत्रे आत येतात तेही तिनेच. आपल्यातलीच मुले हे चाक हाती धरतात. त्या मुलाने आरंभी काय शिकावे, आणि त्याच्याकडून काम घेणाऱ्या आपण त्याला काय सांगू नये, एवढाच आजचा विषय आहे.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे जड मालमोटार चालवायला वयाची 20 वर्षे पुरी झालेली असावी लागतात, आणि शिकाऊ परवाना मागण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 साली निघाली. मालासह एकूण वजन साडेसात टनांच्या आत असणारी गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली पुन्हा स्पष्ट केले. म्हणून लहान गाडीपासून आरंभ करणे कायद्यालाही धरून आहे आणि शहाणपणालाही. ही वर्षे फुकट गेली असे मुलांना वाटते. मला तर उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून काढलेले एक वर्ष प्रशिक्षण-शाळेतल्या सहा महिन्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते. अर्थात उस्ताद पिणारा नसावा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मोटार चालवणे आणि माल वाहणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. बंद डब्याच्या गाडीत माल निदान चार भिंतींच्या आत राहतो. उघड्या, सपाट पाठीच्या गाडीवर त्याला धरून ठेवतात ते दोर, साखळ्या आणि बांधणाऱ्याची अक्कल. ब्रेक लागतात ते चाकांना. ओझ्याला ब्रेक नसतो. गाडी थांबली तरी ओझे आपल्या आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते.

जालन्याच्या कारखान्यांतली सळई मालमोटारींवरून आपल्या भागात येते, तिचाच हिशेब करू. समजा गाडीवर दहा टन सळई आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. समोर बैलगाडी आली आणि चालकाने करकचून ब्रेक मारला, तर मालावर त्याच्या वजनाच्या निम्म्याइतका, म्हणजे पाच टनांचा रेटा पुढच्या बाजूला येतो. खाली लोखंडाचा पत्रा, वर लोखंडाची सळई, मध्ये पाणी किंवा तेल असले, तर घर्षणाने त्यातला एक-दोन टनच अडतो. उरलेले तीन-चार टन कोणी अडवायचे? एक तर बांधणीने, नाही तर केबिनच्या मागच्या भिंतीने. भिंत हरली, तर पुढे चालकाची पाठ आहे. युरोपातल्या बांधणीच्या नियमांत तर पुढच्या बाजूचा रेटा वजनाच्या दहा भागांपैकी आठ भाग धरतात, बाजूचा आणि मागचा पाच भाग.

यावर उपाय साधे आहेत. माल पुढच्या भिंतीला भिडवून ठेवावा. मध्ये हातभर जागा सोडली, तर माल वेग घेऊन त्या भिंतीवर आदळतो. लोखंडाखाली कोरडे लाकडी ठोकळे घालावेत, रबराचे तुकडे मिळाले तर आणखी चांगले, कारण त्यांनी घर्षण वाढते. गोल माल असेल तर दोन्ही बाजूंना पाचरी ठोकाव्यात.

बांधणीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच नवखे फसतात. मालावरून घेतलेला दोर सरळ खाली उतरत असेल, तर त्याचा सारा ताण माल खाली दाबण्यात जातो. तोच दोर फळीशी तीस अंशांचा कोन करून तिरपा गेला, तर दाब निम्मा होतो. त्यामुळे ठेंगण्या मालावर दोर कितीही आवळला तरी दाब थोडाच पडतो. तिथे फेरे वाढवावे लागतात. पोत्यांना दोर चालतो. लोखंडाला साखळी किंवा खटक्याने आवळायचा रुंद पट्टा हवा. पट्ट्यावर किती भार सोसेल ते छापलेले असते. अमेरिकेत नियमच आहे की सर्व बांधणीची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निदान निम्मी असावी. धारेवरून जाणारा पट्टा कापला जातो, म्हणून कोपऱ्यावर जाड गोणपाट किंवा चामडे घालावे. आणि कितीही चांगले बांधले तरी वाटेत माल बसतो, दोर सैल होतात. तिकडे पहिल्या ऐंशी किलोमीटरांच्या आत थांबून बांधणी तपासावीच लागते. मी म्हणेन, आपल्या रस्त्यांचे खड्डे पाहता रिसोडहून निघालेल्या चालकाने वाशिम येण्याच्या आधीच एकदा उतरावे.

मागे लोंबणाऱ्या सळया ही अगदी निराळी आपत्ती. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला सळईचे टोक दिसत नाही. लाल फडके तर त्याहून दिसत नाही. 2014 साली केंद्र सरकारने नियम बदलून सळया अशा बाहेर काढणे बंद केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने गाडीबाहेर जाणाऱ्या मालाला वीस हजारांचा दंड ठेवला. तरीही बाजारात ट्रॅक्टरच्या मागे सळया लोंबताना आपण सारेच पाहतो.

गाडी उभी असतानाही हा धंदा जीव घेतो. ताडपत्री ओली असते, वारा सुटलेला असतो, आणि पोरगा पोत्यांच्या थप्पीच्या काठावर उभा राहून, पाठ मोकळ्या जागेकडे करून दोर ओढतो. दोर तुटला की तो उताणा खाली येतो. दोर जमिनीवर उभे राहून आवळावा. चढता-उतरताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले असावेत. थप्पी उंच रचली असेल तर खेड्यातल्या विजेच्या तारा आधी पाहाव्यात.

आपल्याकडून अकोल्याला जाताना पातूरचा घाट उतरावा लागतो. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. वाचलेल्या पेलाभर डिझेलपायी सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. जड गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवावी, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वी टाकावा, मध्ये नव्हे.

आता आपल्याकडे, म्हणजे माल पाठवणाऱ्यांकडे वळतो. दहा चाकांच्या मालमोटारीचे मालासह एकूण वजन 2018 पासून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत नेता येते. त्याहून अधिक भरले तर वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. कायद्याचे शब्द चालवणाऱ्यापुरते नाहीत. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा दोघेही त्यांत येतात. ‘आणखी वीस पोती टाक रे, सकाळी नागपूरला पोचलाच पाहिजेस’ असे आपण ज्याला म्हणतो, तो दिवसभर गाडी भरण्यात उभा असतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे काम आठ तासांचे आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती धरलेली होती. माल दुपारी दिला, काट्यावर वजन करूनच बांधायला सांगितले, आणि पोचण्याची वेळ सकाळऐवजी दुपार ठरवली, तर व्यापाऱ्याचे अर्ध्या दिवसाचे व्याज जाते आणि पोरगा वाटेत चार तास झोपतो.