छऱ्याच्या बंदुकीची नळीमुख-उपांगे

छर्रे भरलेली काडतुसे उडविणाऱ्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या तोंडाशी घडविलेली किंवा मागाहून बसविलेली साधने. छऱ्यांची पसर आवरणे, प्रत्यागती (बार उडताच बंदुकीने मागे दिलेला धक्का) कमी करणे, तोंडाची उसळी दाबणे अशी कामे त्यांच्याकडून करून घेतात. अर्धस्वयंचलित बंदुकीत, म्हणजे घोडा ओढताच एक बार उडून रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडते व नवे आत सरकते अशा बंदुकीत, या साधनांचा परिणाम बंदुकीच्या यंत्रणेवरही होतो. त्यामुळे तोंडाशी केलेला बदल हा केवळ तोंडापुरता राहत नाही.

बोर : गुळगुळीत नळीचे माप ‘बोर’ या संख्येने सांगतात. एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास येतो, तो बारा बोर नळीचा व्यास होय. तो सु. १८.५ मिमी. असतो. भारतात हाच बोर सर्वाधिक प्रचारात आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्था. १८६९) या बोरची काडतुसे तयार होतात. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे.

चोक : नळीच्या तोंडाशी शेवटच्या काही सेंमी. लांबीत आतील व्यास किंचित कमी केलेला असतो. या संकोचास चोक म्हणतात. छऱ्यांचा पुंजका त्यातून जाताना आवळला जातो व बाहेर पडल्यावर उशिरा पसरतो. पूर्ण चोकचा संकोच सु. १ मिमी., अर्ध्याचा सु. ०.५ मिमी. व पाव चोकचा सु. ०.२५ मिमी. असतो. अजिबात संकोच नसलेल्या नळीस सिलिंडर म्हणतात. तोंडापासून ४० यार्डांवर (सु. ३६.६ मी.) ३० इंच (सु. ७६ सेंमी.) व्यासाच्या वर्तुळात शेकडा किती छर्रे पडतात, यावरून चोकची प्रत ठरवितात. पूर्ण चोकने सु. ७०, अर्ध्याने सु. ६० व सिलिंडर नळीने सु. ४० टक्के छर्रे वर्तुळात पडतात. काडतुसात तीनशे छर्रे असतील, तर पूर्ण चोकचे सु. २१० आणि सिलिंडरचे सु. १२० छर्रे वर्तुळात मोजता येतील. जवळच्या व झपाट्याने सरकणाऱ्या लक्ष्यासाठी मोकळा आणि दूरच्यासाठी आवळ चोक निवडतात. मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धांपैकी स्कीटमध्ये मोकळे व ट्रॅपमध्ये आवळ चोक वापरण्याचे कारण हेच होय.

इतिहास : चोकच्या कल्पनेची एकस्वे १८६६ मध्ये अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांना व इंग्लंडमध्ये विल्यम पेप यांना मिळाली. १८७४–७५ च्या सुमारास इंग्लंडमधील बंदूककार विल्यम ग्रीनर यांनी चोक-नळ्यांचा प्रसार केला. जोडनळीच्या बंदुकीत एका नळीला मोकळा व दुसरीला आवळ चोक देण्याची पद्धत रूढ झाली. एकनळी अर्धस्वयंचलित बंदुकीत ही सोय नव्हती. जॉन ब्राउनिंग यांनी १९०० मध्ये एकस्व घेतलेल्या व पुढे बेल्जियममध्ये तयार झालेल्या बंदुकीनंतर ही उणीव जाणवू लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कड्याच्या फेऱ्याने कमीजास्त होणारे चोक निघाले. नंतर आटे पाडून आत बसविण्याच्या सुट्या चोक-नलिका आल्या व त्याच आज सर्वत्र वापरात आहेत.

प्रत्यागती-शामके : तोंडाशी बसविलेल्या नलिकेला बाजूने वा वरून फटी पाडल्यास दारूचा वायू त्यांतून निसटतो. वर निसटणारा वायू तोंडाची उसळी दाबतो, तर बाजूला व मागे वळविलेला वायू धक्का कमी करतो. अमेरिकेतील कर्नल रिचर्ड कट्स यांनी १९२० च्या दशकात बनविलेले साधन या प्रकारचे असून ते छऱ्याच्या बंदुकांवर सुट्या चोक-नलिकांसह बसवीत असत. बंदुकीच्या बाराचा आवाज १५० डेसिबेलहून अधिक असतो. वायू मागे वळल्याने तो बार उडविणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या कानावर अधिक जोराने आदळतो. म्हणून अशा साधनाबरोबर कानाचे संरक्षण टाळता येत नाही.

यंत्रणेवरील परिणाम : अर्धस्वयंचलित बंदुकांचे मुख्य प्रकार तीन आहेत. ब्राउनिंग यांच्या दीर्घ प्रत्यागती प्रकारात नळी व तिच्यामागील खटका एकमेकांत अडकून दोन्ही मागे सरकतात. येथे तोंडावरचे वजन वाढले, तर मागे सरकणाऱ्या नळीचेच वजन वाढते व तिची गती मंदावते. वायुप्रेरित प्रकारात नळीतील छिद्रातून घेतलेला वायू दट्ट्या ढकलतो. या प्रकारावर वाढीव वजनाचा परिणाम सर्वांत कमी होतो. निरूढी (जडत्व) प्रकारात सबंध बंदूक मागे जाते, खटक्याचा जड भाग क्षणभर जागीच राहतो आणि त्या दोहोंमधील स्प्रिंग दबून यंत्रणा चालते. तोंडाशी जड साधन लावल्यास किंवा शामकाने धक्का कमी झाल्यास ही स्प्रिंग पुरेशी दबत नाही. हलके काडतूस असेल, तर रिकामे कवच आतच अडकते. अडकलेले काडतूस काढताना नळी माणसांच्या दिशेने वळणे हे अपघाताचे एक नेहमीचे कारण आहे.

बसवणी व परीक्षा : चोक-नलिकेचे आटे बंदुकीच्या आट्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. ती सैल राहिल्यास वायू व छर्रे तिच्या मागच्या कडेवर आदळून नळी फुगते. नलिका न लावता बार काढल्यास उघडे आटे खराब होतात. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ मध्ये देशव्यापी बंदी आल्यावर त्यांचा प्रसार झाला. त्यांसाठी पूर्ण चोक वापरू नये. नळीच्या व्यासाइतकी अखंड गोळी आवळ चोकमधून उडविणे धोक्याचे असते. तोंडात चिखल वा कचरा अडकला असता नळी फुटू शकते. बदल केल्यावर सु. १.२ मी. चौरस कागदावर नेहमीच्याच काडतुसांचे किमान पाच बार काढून वर्तुळातील छर्रे मोजतात व पुंजक्याचा मध्य नेमाच्या ठिकाणी येतो की नाही, हे पाहतात. नलिकेवर कोरलेल्या नावापेक्षा हा कागद अधिक विश्वसनीय असतो.

पसर आणि पल्ला : चोकने छर्रे किती फाकतात हे ठरते, एकटा छर्रा किती दूर जातो, हे त्याने ठरत नाही. फ्रेंच लष्करी अधिकारी झुर्ने यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार शिशाच्या छऱ्याच्या मिमी.मधील व्यासाला सु. ८० ने गुणले असता त्याचा कमाल पल्ला मीटरमध्ये मिळतो. २.६ मिमी.चा बारीक छर्रा सु. २०० मी., तर ८.४ मिमी.चा (एसजी काडतुसातील) छर्रा सु. ६७० मी. जाऊ शकतो. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यासारख्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. तेथे संत्र्याच्या बागा, तूर व कापूस यांना रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव होतो, व राखण रात्रीची असते. बागेच्या कडेला उडविलेल्या बाराचे मोठे छर्रे पुढच्या दोन-तीन शेतांपलीकडील मचाणापर्यंत किंवा पांदणीपर्यंत पोहोचू शकतात. मोठे छर्रे काडतुसात थोडेच असल्याने दूरवर त्यांत मोकळी जागा राहते. त्यांपैकी एखाददुसराच लागल्यास जनावर मरत नाही, तर जखमी होऊन पिकात दडते आणि सकाळी कामावर येणाऱ्या माणसांवर उलटते. आवळ चोक यावर उपाय नव्हे. अंतर कमी ठेवणे व लक्ष्यामागे बांध वा मातीचा उंचवटा असल्याची खात्री करणे, हाच उपाय होय.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, ती पुरेशी नाही, असे परवाना अधिकाऱ्यास वाटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. अर्धस्वयंचलित बंदुका आणि २० इंचांहून (५०.८ सेंमी.) आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुका या अधिनियमाखालील नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निर्बंधित वर्गात येतात. बाराचा आवाज वा ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेली उपांगेही त्याच अनुसूचीत निर्बंधित आहेत. ती नुसती जवळ बाळगण्यासही सामान्य परवाना पुरत नाही. सहाव्या कलमाने परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणेही त्यात आले. नळी कापली असता तोंडाशी असलेला चोक जातो, म्हणजे कायद्याबरोबर बंदुकीची उपयुक्तताही गमावली जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. पिकांची हानी करणाऱ्या ठराविक प्राण्यांना मारण्यासाठी प्राधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे मिळवावी लागतात.